नव्या गाडीच्या रंगात दोष आढळल्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी काल घरी आणली आणि आज सकाळी उजेडात दारावर ओरखडा दिसला. सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी, कोणालाही त्या जागेला हात लावू देऊ नये. शोरूमला फोन केला की बहुतेक वेळा 'गाडी घेऊन या, लगेच रबिंग करून देतो' असे उत्तर मिळते आणि ग्राहकालाही ते सोयीचे वाटते. पण रबिंग म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर घासून पातळ करणे. तो थर परत येत नाही आणि मूळ नुकसान किती होते याचा पुरावाही त्याबरोबर निघून जातो. दुरुस्ती करून घ्यायची की नाही हा निर्णय नंतरचा आहे. नोंद आधी झाली पाहिजे.

गाडी स्वच्छ, कोरडी आणि सावलीत उभी असताना दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत. एक फोटो पूर्ण दार किंवा बॉनेट दिसेल इतक्या लांबून आणि एक ओरखड्याशेजारी मोजपट्टी धरून जवळून घ्यावा. ओडोमीटरचा आकडा आणि चासिस क्रमांक (सांगाड्यावर कोरलेला गाडीचा ओळखक्रमांक) यांचाही फोटो असावा, कारण 'हे नंतर तुमच्याकडून झाले' या युक्तिवादाला सर्वांत चांगले उत्तर गाडी किती कमी चालली आहे हेच असते. त्याच दिवशी डीलरच्या विक्री व्यवस्थापकाला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला एकाच ईमेलमध्ये कळवावे. त्यात गाडी ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ, चासिस क्रमांक, नेमका कोणता भाग आणि किती लांबीचा दोष हे लिहून लेखी उत्तर मागावे. फोनवरचे बोलणे जरूर करावे, पण त्यानंतर 'आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार' असे म्हणत त्याचा सारांश लेखी पाठवावा.

कारखान्यातून थेट आलेल्या गाडीचा रंग खराब होतोच कसा?

गाडी कारखान्यातून थेट शोरूममध्ये येत नाही. चाकण, रांजणगाव किंवा नाशिकच्या कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर चढते, कधी रेल्वेने पुढे जाते, मग डीलरच्या स्टॉकयार्डात उघड्यावर आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि तेथून कोणीतरी ती चालवत शोरूमला आणते. ट्रेलरवर बांधताना-सोडताना कडा घासतात, महामार्गावर खडी उडून टवके जातात, अरुंद जागेत शेजारच्या गाडीचे दार लागून पोचा येतो. स्टॉकयार्डात पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक उन्हात वाळला, तर पारदर्शक थरात खोल डाग पडतात. औद्योगिक वसाहतीजवळ किंवा रेल्वेमार्गालगत उभ्या गाड्यांवर लोखंडाचे सूक्ष्म कण बसतात आणि पावसाळ्यात त्यांचे तांबूस ठिपके दिसू लागतात.

प्रत्यक्ष कारखान्यातले दोषही असतात. रंग ओला असताना त्यात धुळीचा कण अडकतो, एखाद्या कडेला रंगाचा ओघळ राहतो, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. मात्र माझ्या मते ग्राहकाने सर्वाधिक जागरूक राहावे ते यापेक्षा वेगळ्या गोष्टीबाबत, म्हणजे वाहतुकीत किंवा यार्डात झालेले नुकसान डीलरने गुपचूप दुरुस्त करून, तो भाग पुन्हा रंगवून, गाडी नवी म्हणून हाती देणे. ओरखडा निदान डोळ्यांना दिसतो. लपवलेली दुरुस्ती दोन पावसाळ्यांनंतर रंगाचे पोपडे सुटू लागल्यावर समजते, आणि तोपर्यंत तक्रारीची मुदत बहुधा संपत आलेली असते.

गाडीचा एखादा भाग पुन्हा रंगवला आहे हे कसे ओळखावे?

रंगारी कितीही निष्णात असला, तरी कारखान्यातला रंग आणि कार्यशाळेतला रंग यांच्यात एक मूलभूत फरक राहतो. कारखान्यात गाडी नुसता पत्र्याचा सांगाडा असताना रंगवली जाते आणि वरचा थर साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तयार गाडीत रबर, प्लॅस्टिक, तारा आणि इलेक्ट्रॉनिक भाग असतात, त्यामुळे कार्यशाळेच्या बूथमध्ये तापमान साधारण ६० अंशांच्या आसपासच ठेवावे लागते आणि त्यासाठी वेगळ्या जातीचा, हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळलेला रंग वापरावा लागतो.

खुणा कडांवर सापडतात. दार उघडून आतल्या कडेवर बोट फिरवावे. मास्किंग टेप लावली होती तेथे रंगाची बारीक, उंचवट्यासारखी रेघ बोटाला लागते. रबराच्या बीडिंगवर, काचेच्या कडेवर, चाकाच्या कमानीच्या आतल्या काळ्या प्लॅस्टिकवर रंगाचे तुषार दिसतात. बॉनेट, फेंडर आणि दारांच्या बिजागरांचे बोल्ट पाहावेत. अनेक गाड्यांत हे बोल्ट सांगाड्याबरोबरच रंगवलेले असतात आणि पाना लागला असेल तर कोपऱ्यांवरचा रंग उडालेला दिसतो. एका बोल्टवरून निष्कर्ष काढू नये, कारण जुळवणीच्या वेळी दार किंवा बॉनेट नीट बसवण्यासाठी कारखान्यातही पाना लागू शकतो. बोल्ट, टेपची रेघ आणि तुषार या खुणा एकाच भागावर एकत्र सापडल्या तर मात्र संशय रास्त ठरतो.

रंगछटा पाहण्यासाठी गाडी उघड्यावर आणावी आणि तिच्या लांबीच्या रेषेत, बाजूने तिरकी नजर टाकावी. धातूच्या कणांचा रंग, म्हणजे मेटॅलिक छटा, समोरून जुळलेली दिसली तरी तिरक्या कोनातून शेजारच्या भागापेक्षा गडद किंवा फिकट दिसू शकते. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पत्र्यावर पाहिले, तर ते सरळ आहे की लांबी (पोचा बुजवण्याची पुट्टी) भरलेल्या जागी लाटेसारखे वाकते हेही समजते. ओल्या गाडीवर यांतले जवळपास काहीच दिसत नाही, म्हणून नुकतीच धुतलेली गाडी तपासू नये.

रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राचे आकडे कसे वाचावेत?

बहुतेक गाड्यांवर कारखान्यातले सर्व थर मिळून, म्हणजे गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि वरचा पारदर्शक थर धरून, जाडी साधारण ९० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. एकाच गाडीत छतावर ११० आणि दारावर १३० असा फरक असणे स्वाभाविक आहे. तीन दारांवर ११० ते १२५ आणि चौथ्यावर २४० आकडा आला, तर ते दार पुन्हा रंगवले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. आणि आकडा ५०० किंवा त्याच्या वर गेला, तर रंगाखाली लांबी भरलेली आहे असे समजण्यास हरकत नाही. एका आकड्यापेक्षा आकड्यांमधली तफावत महत्त्वाची असते, म्हणून प्रत्येक भागावर किमान चार-पाच ठिकाणी मोजमाप घ्यावे आणि उजव्या बाजूची तुलना डाव्या बाजूच्या त्याच भागाशी करावी.

साधे यंत्र फक्त लोखंडी पत्र्यावर चालते. ॲल्युमिनियमसाठी दोन्ही धातूंचे मोजमाप घेणारे यंत्र लागते आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर यांपैकी कोणतेच चालत नाही. हे मोजमाप वाद उभा राहण्याआधी, डीलरच्या प्रतिनिधीसमोर आणि व्हिडिओ सुरू ठेवून केले, तर त्याचे वजन वाढते.

बंपरचा रंग बॉडीपेक्षा थोडा वेगळा दिसतो. हा दोष आहे का?

तेवढ्यावरून नाही. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्याच्या सांगाड्यापासून वेगळा, कमी तापमानाला रंगवला जातो, त्यामुळे विशेषतः चंदेरी आणि मोतिया छटांमध्ये किंचित फरक नव्या गाडीतही असतो. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी गाडी शेजारी उभी करून पाहिले की शंका फिटते.

डिलिव्हरीच्या वेळी 'गाडी उत्तम स्थितीत मिळाली' या कागदावर सही केली आहे. आता हक्क गेला का?

हक्क जात नाही. बाजू मात्र थोडी कमजोर होते. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ नुसार, आधी न पाहिलेली वस्तू स्वीकारण्यापूर्वी ती तपासण्याची वाजवी संधी मिळणे हा खरेदीदाराचा अधिकार आहे, आणि मागितल्यास ती संधी देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. संध्याकाळी सात वाजता, शोरूमच्या दिव्यांखाली, गाडीवर हार आणि फीत असताना, पेढे हातात घेऊन केलेली सही ही अशी तपासणी झाल्याचा भक्कम पुरावा आहे असे कोणी सहज म्हणू शकणार नाही. जो दोष नुसत्या नजरेने दिसणे शक्यच नव्हते, उदाहरणार्थ रंगाखालची लांबी, त्याबाबत तर ही सही फारशी आड येत नाही. उघड दिसणाऱ्या ओरखड्याबाबत मात्र ती आड येते, आणि म्हणूनच एक-दोन दिवसांच्या आत लेखी कळवणे अत्यंत आवश्यक ठरते. पंधरा दिवसांनी कळवलेल्या ओरखड्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असेही म्हणता येत नाही.

गाडी नेमकी केव्हा तपासावी?

नोंदणी होण्याआधी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४२ नुसार, तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय डीलरला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की, शोरूममध्ये किल्ली हाती येते तेव्हा गाडी आधीच आपल्या नावावर झालेली असते, कर भरलेला असतो आणि विमा उतरवलेला असतो. त्या क्षणी दोष दिसला तर 'दुसरी गाडी द्या' ही मागणी फार अवघड होऊन बसते. नोंदणीचे कागद पुढे जाण्यापूर्वी त्याच मागणीसाठी कागदांवर फक्त दुसऱ्या गाडीचा चासिस क्रमांक टाकावा लागतो.

म्हणून बुकिंग करतानाच लेखी कळवावे की आपल्याला वाटप झालेली गाडी चासिस क्रमांकानुसार स्टॉकयार्डात पाहिल्यानंतरच नोंदणी आणि विम्याची प्रक्रिया करावी. पाहताना कोणतेही कोटिंग केलेले नसावे, कारण त्या चकाकीखाली बारीक चरे झाकले जातात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या दिवशी शोरूममध्ये एकामागून एक गाड्या बाहेर पडत असतात. त्या गर्दीत शांतपणे तपासणी होऊ शकत नाही आणि मुहूर्त टळू नये म्हणून घरची मंडळीही घाई करतात. मुहूर्त जपायचा असेल, तर तपासणी त्याच्या आठवडाभर आधी उरकावी, म्हणजे गाडी बदलावी लागली तरी वेळ हाताशी राहतो.

डीलर दुरुस्ती करून देण्यास तयार आहे. ती स्वीकारावी का?

दोषाच्या खोलीवर ते अवलंबून आहे. नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकत नसेल, तर ओरखडा बहुधा पारदर्शक थरातच आहे आणि जाणकार हातांनी केलेले हलके पॉलिश पुरेसे ठरते. नख अडकत असेल, तर रबिंगने तो ओरखडा जात नाही; फक्त आजूबाजूचा थर पातळ होऊन तो काही काळ कमी दिसतो. खाली प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल, तर रंगकाम अटळ आहे आणि कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत त्यात उशीर करणे गंजाला आमंत्रण आहे.

रंगकामाला होकार देण्यापूर्वी कोणता भाग आहे हे पाहावे. दार, बॉनेट, डिकीचे झाकण आणि पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असतात. पोचा खोल असेल, तर लांबी भरण्याऐवजी तो भागच नवा बसवून रंगवण्याचा आग्रह धरावा. छत आणि मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या दारामागचा बाजूचा पत्रा) सांगाड्याला वेल्ड केलेले असतात. नव्या गाडीचे वेल्ड किरकोळ पोच्यासाठी तोडायला लावणे हे मूळ दोषापेक्षा मोठे नुकसान आहे, तेथे चांगली दुरुस्ती आणि नुकसानभरपाई हाच शहाणपणाचा मार्ग.

होकार द्यायचाच असेल, तर तो लेखी आणि अटींसह द्यावा. गाडी मूळ स्थितीत सदोष होती याची डीलरने कबुली द्यावी, काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत, गाडीवरील रंगसंकेतांकानुसार आणि बंद बूथमध्ये व्हावे, रंगवलेल्या भागावर कंपनीची मूळ वॉरंटी कायम राहील किंवा तेवढ्याच मुदतीची वेगळी हमी मिळेल, आणि पुनर्विक्रीच्या किमतीत होणाऱ्या घटीपोटी काही मोबदला मिळेल, एवढे त्यात असावे. शेवटचा मुद्दा मांडायला अनेकजण संकोचतात. तो संकोच अनाठायी आहे. उद्या ही गाडी विकताना खरेदीदाराच्या हातातले यंत्र त्या दारावर २०० दाखवणार आणि तो अपघाताची शंका घेऊन किंमत पाडणार. हे नुकसान खरे आहे आणि ते ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही. मोबदला रोख, मोफत सर्व्हिस किंवा वाढीव वॉरंटी अशा कोणत्याही रूपात असू शकतो.

संपूर्ण गाडी बदलून मिळते का?

नोंदणीनंतर, केवळ रंगातल्या दोषासाठी, क्वचितच. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले की सदोष भाग बदलून काम भागत असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. त्या प्रकरणात प्रश्न क्लचचा होता, पण तोच तर्क एका दाराच्या रंगालाही लावला जातो. त्यामुळे एका ओरखड्यासाठी नव्या गाडीचा हट्ट धरला, तर वाजवी भरपाईची मागणीही कमकुवत होते.

दोष लपवला असेल तर चित्र बदलते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, दुरुस्त केलेली, नूतनीकरण केलेली किंवा वापरलेली वस्तू नवी असल्याचे खोटे भासवणे याचा स्पष्ट समावेश आहे. आदळलेली गाडी ठोकून, रंगवून नवी म्हणून विकल्याचे सिद्ध झाले, तर पैसे परत मागणे किंवा गाडी बदलून मागणे सर्वस्वी न्याय्य आहे आणि ते ठामपणे मागावे.

जबाबदार कोण, डीलर की कंपनी?

तक्रारीत दोघांनाही सामील करावे, पण प्रत्येकाविरुद्ध काय म्हणणे आहे ते वेगळे लिहावे. याचे कारण गोव्यातील एका प्रकरणात दिसते. तेथील ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून मिळालेली गाडी प्रत्यक्षात २००९ सालच्या बनावटीची, आधी चाललेली आणि खालच्या बाजूने गंजलेली निघाली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, फेब्रुवारी २०२१ मध्ये, न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. कंपनी आणि डीलर यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यावसायिकांमधला होता, आणि डीलरने केलेल्या प्रकाराची कंपनीला माहिती होती असे तक्रारीत मांडलेले किंवा सिद्ध केलेले नव्हते, हे त्यामागचे कारण. म्हणून पहिल्याच दिवशीचा ईमेल कंपनीलाही पाठवणे महत्त्वाचे आहे: त्यानंतर निदान 'आम्हाला ठाऊकच नव्हते' असे कंपनीला म्हणता येत नाही.

विम्याच्या दाव्यातून दुरुस्ती करून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

मानू नये. गाडी हाती येण्यापूर्वीचे नुकसान नंतर झाले असे दाखवून दावा करणे म्हणजे विमा कंपनीला खोटी माहिती देणे होय, आणि त्या अर्जावर सही ग्राहकाचीच असते. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीचा २० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत) जातो, सक्तीची वजावट खिशातून भरावी लागते आणि झिरो डेप्रिसिएशनची (घसारा न कापण्याची) जोड नसेल तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. डीलरने द्यायचे पैसे अशा रीतीने ग्राहक आणि विमा कंपनीकडून जातात.

रंगावर वॉरंटी असते का?

कारखान्यातल्या दोषांवर, म्हणजे पोपडे सुटणे, फोड येणे, अवेळी रंग उडणे यांवर, ती साधारणपणे असते. मुदत आणि अटी वॉरंटी पुस्तिकेत असतात. खडीचे टवके, पक्ष्यांची विष्ठा, रसायने आणि अपघात यांमुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. मात्र हे अपवाद गाडी ग्राहकाकडे आल्यानंतरच्या घटनांसाठी आहेत. डिलिव्हरीच्या आधीच असलेल्या डागाला 'वॉरंटीत बसत नाही' हे उत्तर लागू होत नाही, कारण तो प्रश्न वॉरंटीचा नसून सदोष वस्तू विकल्याचा आहे.

डीलरने आणि कंपनीने दाद दिली नाही, तर पुढे काय?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण अनेक कंपन्या तिच्याकडून आलेल्या तक्रारीची दखल घेतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून काम करणाऱ्या संस्थांचे मार्गदर्शनही घ्यावे. त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस पाठवावी.

तरीही प्रश्न सुटला नाही, तर ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय अशी की तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते; गाडी पुण्यात घेतली आणि घर रत्नागिरीला असेल, तर रत्नागिरीत. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे, पाच लाखांपर्यंत ते नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील देणे बंधनकारक नाही. मुदत तक्रारीचे कारण निर्माण झाल्यापासून दोन वर्षांची आहे.

रंगाच्या प्रकरणात निकाल ठरतो तो तांत्रिक पुराव्यावर. आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करवू शकतो. तशी विनंती तक्रारीतच करावी. जाडीच्या मोजमापाचा स्वतंत्र जाणकाराने सही करून दिलेला अहवाल, कोणत्या भागावर कोठे किती मायक्रॉन आले याच्या तक्त्यासह, सोबत जोडावा. नुसता 'रंग खराब आहे' असा दावा आणि चार फोटो यांवर प्रकरण टिकत नाही. आणि डीलरकडून त्या चासिस क्रमांकाची डिलिव्हरीपूर्व तपासणीची नोंद मागवण्याचा अर्ज जरूर करावा. ती नोंद कोरी असेल किंवा सर्व रकान्यांत एकाच हाताने एकाच वेळी खुणा केलेल्या असतील, तर तेही बोलके असते.

गाडी पूर्णपणे व्यापारी कारणासाठी घेतलेली असेल, तर हा कायदा लागू होत नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली टॅक्सी मात्र त्यात बसते.

वाद मिटेपर्यंत कर्जाचे हप्ते थांबवावेत का?

नाही. बँकेशी केलेला करार वेगळा आहे. हप्ता थकला तर पत खराब होते आणि गाडी जप्त होण्याची वेळ येऊ शकते.

जुनी गाडी घेतली आणि नंतर ती पुन्हा रंगवलेली असल्याचे कळले. तक्रार करता येते का?

वापरलेल्या गाडीचा एखादा भाग रंगवलेला असणे हा स्वतःहून दोष नव्हे. आपल्याकडच्या रस्त्यांवर पाच वर्षे चाललेली गाडी पूर्ण मूळ रंगात सापडणे कठीण. विकताना काय सांगितले गेले हे महत्त्वाचे आहे. जाहिरातीत किंवा तपासणी अहवालात 'मूळ रंग, अपघात नाही' असे लिहून दिले असेल आणि ते खोटे ठरले, तर व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, म्हणून ती जाहिरात आणि तो अहवाल जपून ठेवावा.

रंगकाम करून घेतल्यावर कोणती काळजी घ्यावी?

कार्यशाळेतला रंग वरून वाळला तरी पूर्ण पक्का होण्यास काही आठवडे लागतात. तोवर त्या भागावर मेण, कोटिंग किंवा संरक्षक फिल्म लावू नये आणि गाडी ब्रशने धुणाऱ्या यंत्रात घालू नये. गाडी परत घेताना तपासणी पुन्हा दिवसाच्या उजेडात करावी, बीडिंगवर तुषार राहिले आहेत का ते पाहावे आणि जॉबकार्डावर कोणता भाग रंगवला हे स्पष्ट लिहून घ्यावे. पुढे कधी फिल्म लावायची झाली, तर ती लावणाऱ्याला या भागाची कल्पना द्यावी, कारण फिल्म काढताना नव्याने दिलेला रंग तिच्याबरोबर निघून येण्याचा धोका मूळ रंगापेक्षा जास्त असतो.